कर्नलमधली गुपितं पुसताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या सराफ बाजारात कारागिराच्या बैठकीखालचा केर कुणी उकिरड्यावर फेकत नाही. भट्टीची राख, पाटाखालची माती, हात धुतलेलं पाणी, सगळं साठवून ठेवतात. झारेकरी ते विकत घेतो, धुतो, गाळतो आणि त्यातून कण कण सोनं काढून पोट भरतो. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, मोकळी केलेली मेमरी म्हणजे हाच केर. पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, सह्यांची गुपितं त्यात पडून राहतात, आणि झारेकरी कुठून येईल ते आपल्या हातात नसतं.

आमचा रविवारचा एक छोटा गट आहे. विद्यापीठातली दोन-तीन मुलं, भुसावळचा एक फर्मवेअरवाला, धुळ्याहून सकाळची एसटी धरून येणारा एक पोरगा आणि मी. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड) लिहायला घेतला की तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. उदाहरणं लिनक्स कर्नलची आहेत, भाषा सी.

केफ्री केलं की आतला मजकूर जातो ना?

नाही. केफ्री, म्हणजे घेतलेली मेमरी परत करणारं फंक्शन, फक्त तो तुकडा मोकळ्या तुकड्यांच्या यादीत टाकतं. ती यादी सांभाळण्यासाठी ॲलोकेटर (मेमरी वाटणारा कर्नलचा भाग) त्याच तुकड्यात पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता लिहितो. ६४ बिटांच्या मशीनवर तो ८ बाइटांचा. म्हणजे २५६ बाइटांच्या बफरमधले २४८ बाइट जसेच्या तसे राहतात, दुसरं कुणी तो तुकडा मागून त्यावर लिहीपर्यंत. हे काही मायक्रोसेकंदांत होईल, नाहीतर मशीन बंद होईपर्यंत होणारही नाही.

"मेमसेट तं लिखेल शे ना भाऊ, मंग आखो काय?"

हा धुळ्याच्या पोराचा प्रश्न, आणि सगळ्यात महत्त्वाचा. त्याने एका फंक्शनमध्ये ३२ बाइटांचा स्थानिक ॲरे घेतला होता, त्यात किल्ली बनवली, वापरली, आणि परत फिरण्याआधी शेवटच्या ओळीत मेमसेटने शून्य भरलं. कोड वाचणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही.

आम्ही कंपाइल होऊन निघालेली ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडंपने, म्हणजे मशीनच्या सूचना वाचून दाखवणाऱ्या साधनाने, उलगडली. किल्ली वापरणाऱ्या फंक्शनला केलेला कॉल दिसला. त्याच्यानंतर स्टॅकचा, म्हणजे स्थानिक ॲरेंच्या जागेचा, पॉइंटर पूर्ववत करणारी सूचना, मग परत. मधली मेमसेटची ओळ गायब. मेमसेटला कॉल नाही, शून्य लिहिणारी मूव्ह नाही, काहीच नाही. पोरगा दोनदा स्क्रीनकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, चुकीची फाइल उघडली असेल.

फाइल बरोबर होती. कंपायलर असा हिशोब करतो: हा ॲरे स्थानिक आहे, फंक्शन संपतंय, यापुढे तो कुणीही वाचणार नाही. मग न वाचल्या जाणाऱ्या जागी लिहायचं कशाला? सी भाषेच्या नियमांत त्याचं काही चुकत नाही. प्रोग्रामचा दिसणारा परिणाम तोच राहिला की काम बरोबर. "पुढे कुणी चोरून वाचेल" ही गोष्ट त्या नियमांत बसतच नाही. ही चूक इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक आहे की सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत तिला स्वतःचा क्रमांक आहे: १४.

मग कंपायलरचं ऑप्टिमायझेशनच, म्हणजे कोड असा छाटणं, बंद करून टाकू?

लिनक्स कर्नल ऑप्टिमायझेशनशिवाय बांधता येत नाही. त्यातल्या कितीतरी गोष्टी फंक्शन जागच्या जागी उलगडलं जाईल आणि मेलेला कोड गळून पडेल याच भरवशावर लिहिलेल्या आहेत. व्होलाटाइल (ज्यातून केलेलं लिहिणं कंपायलरने गाळायचं नसतं असा) पॉइंटर घेऊन बाइट-बाइट शून्य भरणारी वळणं लोक लिहितात, ती बहुतेकदा चालतातही. पण कर्नलचं मेमझीरो_एक्सप्लिसिट ही तयार गोष्ट असताना आपली चूल वेगळी मांडायचं कारण नाही.

मेमझीरो_एक्सप्लिसिट काय वेगळं करतं?

आधी साधं मेमसेट करतं. त्यानंतर एक रिकामी असेंब्ली ओळ टाकतं. त्या ओळीत सूचना एकही नसते, पण कंपायलरला सांगितलेलं असतं की या ओळीला हा पॉइंटर दिलाय आणि ती मेमरीला हात लावू शकते. असेंब्लीच्या आत डोकावायची कंपायलरची पद्धत नाही. त्यामुळे त्याला धरून चालावं लागतं की ही ओळ तो बफर वाचेल, आणि वाचणार असेल तर आधीची शून्यं खरोखर लिहिलेली असली पाहिजेत. प्रोसेसरला याचा खर्च काहीच नाही. फसवलं जातं ते फक्त कंपायलरला.

हे एका फटक्यात जमलेलं नाही. २०१४ मध्ये, ३.१८ या आवृत्तीच्या सुमारास, हे फंक्शन कर्नलमध्ये आलं तेव्हा त्यातली युक्ती फक्त पॉइंटरची किंमत कंपायलरपासून लपवायची. २०१५ मध्ये लक्षात आलं की तेवढ्याने भागत नाही, शून्यं अजूनही उडवली जाऊ शकतात. मग सर्वसाधारण बॅरिअर, म्हणजे कंपायलरला अडवणारी रिकामी असेंब्ली ओळ, लावलं. तेही क्लँगसारख्या कंपायलरपुढे अपुरं ठरलं, कारण पॉइंटर बॅरिअरला दिलेलाच नसेल तर "हा स्थानिक बफर बाहेर कुणाला माहीत नाही" असं कंपायलर म्हणू शकतो. शेवटी पॉइंटर थेट हातात देणारं आजचं रूप आलं. या कामातल्या मुरलेल्या माणसांना एका ओळीसाठी तीन खेपा घालाव्या लागल्या, हे मी मुद्दाम सांगतो. स्वतःचा मॅक्रो लिहायची खुमखुमी त्याने जरा उतरते.

आता प्रत्येक मेमसेटच्या जागी हेच टाकू का?

नको. कर्नलच्या कोडमधली टिप्पणीच म्हणते की एरवी मेमसेट अगदी ठीक आहे. सुरुवातीला स्ट्रक्चर शून्य करायला, पुढे वाचल्या जाणाऱ्या बफरला मेमसेटच वापरा. मेमझीरो_एक्सप्लिसिट दिसलं की वाचणाऱ्याच्या मनात "इथे गुपित आहे" अशी घंटी वाजली पाहिजे. सगळीकडे वाजवली तर ती मंदिराच्या दारातली घंटा होते, जाता-येता कुणीही वाजवावी.

हीपवर (चालताना मागून घ्यायच्या मेमरीत) घेतलेल्या बफरचं काय करायचं?

केफ्री_सेन्सिटिव्ह. पुसतं आणि मोकळं करतं, दोन्ही एकाच कॉलमध्ये. याची खरी गंमत मापात आहे. तुम्ही केमॅलॉककडे १०० बाइट मागता तेव्हा तुम्हाला १२८ च्या डब्यातला तुकडा मिळतो. केफ्री_सेन्सिटिव्ह तुमच्या १०० वर थांबत नाही, ॲलोकेटरला खरं माप विचारून पूर्ण १२८ पुसतं. २०२० पर्यंत त्याच्या पोटातही साधं मेमसेटच होतं. ते उडण्याची शक्यता कमी होती, कारण बफर पुढे केफ्रीच्या हातात जातो. पण सगळा कर्नल एकत्र जोडताना ऑप्टिमाइझ करणारी लिंक-टाइम पद्धत येऊ घातली होती, म्हणून तिथेही पक्की आवृत्ती बसवली. क्लँगची ती पद्धत ५.१२ मध्ये आलीच.

केव्हीमॅलॉकने मोठा बफर घेतला असेल तर केव्हीफ्री_सेन्सिटिव्ह आहे. त्याला लांबी आपण सांगायची असते.

आणि केरिअलॉकपासून जपा. बफर वाढवताना नवी जागा मिळाली की ते जुना मजकूर तिकडे उतरवतं आणि जुना तुकडा न पुसताच मोकळा करतं. तुम्ही शेवटी नवा तुकडा घासून पुसून ठेवता, जुना झारेकऱ्याच्या पाटीत. गुपित असेल तर नवा बफर घ्या, स्वतः उतरवा, जुना केफ्री_सेन्सिटिव्हने सोडा.

तुमच्याकडून कधी चुकलंय का?

एका गिऱ्हाइकासाठी कापसाच्या वजनकाट्याला जोडायच्या छोट्या यंत्राचा ड्रायव्हर लिहीत होतो. वजनाच्या पावतीवर डिजिटल सही व्हायची, तिची ३२ बाइटांची किल्ली ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये ॲरे म्हणून होती. पुसताना लांबीच्या जागी त्या सदस्याचं साइझऑफ, म्हणजे बाइटांतलं माप. सगळं बरोबर.

सहा महिन्यांनी दोन मापांच्या किल्ल्या हव्यात असं ठरलं. मी ॲरे काढून पॉइंटर केला. कंपाइल झालं, चाललं, पावत्या निघाल्या. पण पॉइंटरचं साइझऑफ म्हणजे ८. पुसण्याची ओळ जिथल्या तिथे, दिसायला तशीच, आणि ३२ पैकी २४ बाइट दर वेळी मागे राहत होते.

यातली खोच नंतर कळली. मेमसेटला पॉइंटरचं साइझऑफ दिलं असतं तर जीसीसी या कंपायलरने इशारा दिला असता. पण तो इशारा त्याला माहीत असलेल्या मोजक्या फंक्शनांपुरता आहे. मेमझीरो_एक्सप्लिसिट त्यातलं नाही. सुरक्षित फंक्शन वापरल्यामुळेच माझी चूक झाकली गेली. तेव्हापासून लांबी नेहमी वेगळ्या सदस्यात ठेवतो, आणि ॲरेचा पॉइंटर करणारा बदल दिसला की आधी साइझऑफ शोधतो.

किल्ली पुसली म्हणजे गुपित गेलं ना?

मूळ किल्ली गेली. तिची पिलावळ?

एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची पद्धत घ्या. किल्ली ३२ बाइटांची, पण वापरण्याआधी तिचा विस्तार होऊन २४० बाइटांचं वेळापत्रक (प्रत्येक फेरीच्या किल्ल्यांची यादी) तयार होतं, आणि त्याचे पहिले ३२ बाइट म्हणजे मूळ किल्लीच. कर्नलच्या एईएस स्ट्रक्चरमध्ये एन्क्रिप्शनचं एक आणि डिक्रिप्शनचं एक अशी दोन वेळापत्रकं असतात. ते स्ट्रक्चर तुम्ही स्टॅकवर घेतलं असेल तर पुसायचा माल ३२ बाइट नाही, पाचशेच्या घरात आहे. कर्नलच्या क्रिप्टो एपीआयमधून घेतलेलं ऑब्जेक्ट नीट सोडलं की ते आपला संदर्भ स्वतः पुसतं. आपण हाताने काढलेल्या प्रती आपल्याच.

या प्रती नकळत निघतात. स्ट्रक्चर फंक्शनला पॉइंटरऐवजी किमतीने दिलं, निघाली प्रत. यूजरकडून आलेला बफर आधी तात्पुरत्या जागेत उतरवून मग स्ट्रक्चरमध्ये भरला, निघाली. रजिस्टर कमी पडली म्हणून कंपायलरने किल्लीचा एखादा शब्द स्टॅकवर ठेवला, तर ती प्रत सी कोडमध्ये दिसतसुद्धा नाही. डीएमएसाठी (हार्डवेअरने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्यासाठी) कर्नलने मधला बफर वापरला असेल तर तिकडे आणखी एक. माझं मत असं की पुसण्याच्या ओळी मोजण्याआधी प्रती मोजाव्यात, आणि पुसणं वाढवण्यापेक्षा प्रती कमी कराव्यात.

चूक झाल्यावर बाहेर पडायच्या वाटांवर काय करायचं?

खरी गळती इथेच. यशाच्या वाटेवर सगळे पुसतात. पण मधेच मेमरी मिळाली नाही, हार्डवेअरने उत्तर दिलं नाही, की थेट रिटर्न.

पांझरेकाठी सिंचनाच्या फड पद्धतीत पाणी कुठल्याही चारीने फिरलं तरी उरलेलं शेवटी सांडव्याने नदीला मिळतं. फंक्शन तसंच बांधा. किल्ली हातात आल्यानंतर मधून कुठेही रिटर्न नको. गोटू करून एकाच लेबलवर या, तिथे पुसा, मग बाहेर. ६.५ पासून कर्नलमध्ये स्कोप संपताच आपोआप सफाई करणारी सोय आली आहे, नवीन कोडमध्ये ती बघायला हरकत नाही.

खरंच पुसलं गेलं हे ओळखायचं कसं?

ऑब्जडंप वर आलंच. पण ते सांगतं फक्त एका फंक्शनबद्दल. सगळ्या मशीनभर शोधायचं तर क्यूईएमयू, म्हणजे आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम.

आभासी मशीनमध्ये तुमचा कर्नल चढवा. किल्ली म्हणून ओळखू येईल असा ३२ बाइटांचा मजकूर द्या; आमच्या गटात "रावेरची केळी" रोमन अक्षरांत पुन्हा पुन्हा लिहितात. काम पूर्ण होऊ द्या, पुसणं होऊ द्या, मग क्यूईएमयूच्या मॉनिटरमधून पीमेमसेव्ह या आज्ञेने सगळी रॅम एका फाइलीत उतरवा आणि त्यात केळी शोधा.

पहिल्यांदा शोधाल तेव्हा घड सापडेल. घाबरू नका, एकेक केळं कुठलं ते ओळखा. एक बहुतेक तुमच्या चाचणीच्या प्रोग्रामचं स्वतःचं असतं. एक टर्मिनलवर टाइप केलेल्या आज्ञेचं. मजकूर सोर्समध्येच लिहिला असेल तर एक कर्नलच्या स्थिर डेटामध्ये, आणि फाइल वाचली गेली म्हणून एक पेज कॅशेमध्ये. म्हणून मजकूर सोर्समध्ये सरळ लिहू नका, प्रत्येक बाइट एखाद्या आकड्याशी झॉर करून ठेवा आणि चालताना उलगडा. एवढं गाळल्यावर जे उरतं ते तुमचं. भुसावळच्या दोस्ताला असं उरलेलं एक केळं दोन रविवार सापडेना. ते निघालं एईएसच्या वेळापत्रकाच्या पहिल्या ३२ बाइटांत.

कोड न चालवता तपासायचं तर कर्नलसोबत कॉक्सिनेल या कोड तपासणाऱ्या साधनाच्या स्क्रिप्ट येतात. त्यातली एक पुसून लगेच केफ्री केलेल्या जागा शोधते आणि केफ्री_सेन्सिटिव्ह सुचवते.

सगळंच आपोआप पुसणारी सोय नाही का?

आहे. कर्नल ५.३ पासून, २०१९ मध्ये, बूट करताना देता येणारे दोन पर्याय आले: इनिट_ऑन_ॲलॉक आणि इनिट_ऑन_फ्री. पहिला देताना पुसतो, दुसरा परत घेताना. गुपितांसाठी दुसरा कामाचा, कारण मोकळा तुकडा पडून असतानाही स्वच्छ असतो.

खर्च कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्येच लिहिला आहे. पहिल्याचा बहुतेकदा १ टक्क्याहून कमी, दुसऱ्याचा ३ ते ५ टक्के. दुसरा महाग, कारण सोडायच्या वेळेपर्यंत तो तुकडा कॅशेमधून बाहेर गेलेला असू शकतो आणि पुसण्यासाठी पुन्हा आणावा लागतो. किल्ल्या सांभाळणाऱ्या मशीनवर मी तो लावतो. पण त्याच्या भरवशावर आपली ओळ गाळू नका. तुमचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या मशीनवर चालणार, तिथे तो पर्याय असेलच असं नाही. आणि जी मेमरी अजून मोकळी झालेलीच नाही तिला हे हात लावत नाही.

स्टॅकचं काय?

६४ बिटांच्या एक्स८६ वर प्रत्येक थ्रेडला कर्नलचा १६ केबी स्टॅक असतो, आणि तोच तो सिस्टिम कॉलमागून सिस्टिम कॉल वापरला जातो. ग्रसिक्युरिटी या कर्नलच्या सुरक्षा-पॅचमधून आलेली आणि ४.२० मध्ये मुख्य कर्नलमध्ये रुजलेली स्टॅकलीक ही सोय सिस्टिम कॉल संपताना वापरलेला भाग ठरावीक किमतीने भरून टाकते. रजिस्टरसाठी ५.१५ पासून फंक्शनमधून परतताना वापरलेली रजिस्टर शून्य करायचा पर्याय आहे, त्याला जीसीसी ११ किंवा पुढचा, नाहीतर नवा क्लँग लागतो.

मेमरी बॅरिअर म्हणजे कॅशेही फ्लश होते का?

नाही, आणि गरजही नाही. इथलं बॅरिअर कंपायलरपुरतं आहे. शून्य कॅशेमध्ये लिहिलं गेलं की दुसरा कोअर वाचायला आला तरी त्याला शून्यच मिळतं. रॅमच्या चिपमध्ये जुनी किंमत थोडा वेळ राहू शकते, पण तिथपर्यंत पोचणारा माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेला असतो.

तसा माणूस खरंच येतो का?

२००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की वीज गेल्यावर रॅम लगेच कोरी होत नाही. चिपवर उलट्या धरलेल्या हवेच्या डब्याने गारवा मारला की मजकूर कित्येक मिनिटं टिकतो, आणि त्यातून त्यांनी डिस्क एन्क्रिप्शनच्या किल्ल्या काढल्या. त्यांनी शोधली ती वर सांगितलेली वेळापत्रकंच, कारण त्यांच्यातला गणिती संबंध चटकन ओळखू येतो. रॅम जितकी गरम तितका मजकूर लवकर उडतो, पण मे महिन्यातल्या आपल्या ४५ अंशांवर भिस्त ठेवून ड्रायव्हर लिहू नका.

आपल्याकडचा खरा झारेकरी मात्र बहुतेकदा क्रॅश डंप असतो. सर्व्हर कोसळतो, केडंप कर्नलची मेमरी फाइलीत उतरवतं आणि ती फाइल कुणीतरी साळसूदपणे बाहेरच्या मदतनीसाला पाठवून देतं. डंप छाटणाऱ्या मेकडंपफाइलला ३१ ही पातळी दिली की मोकळी पानं गाळली जातात. पण एका पानात अनेक तुकडे असतात. त्यातला एकही वापरात असेल तर अख्खं पान डंपमध्ये जातं, शेजारच्या सोडलेल्या तुकड्यातल्या तुमच्या किल्लीसकट.

स्ट्रक्चर यूजरला पाठवताना पुसायचा काय संबंध?

उलट्या बाजूचा आहे. सदस्यांच्या मधल्या भरावाच्या बाइटांत स्टॅकवरचा जुना मजकूर असतो, आणि कॉपी_टू_यूजर तोही उचलून देतं. कंसात शून्य लिहून केलेली सुरुवात भराव पुसेलच याची सी भाषा हमी देत नाही. आधी मेमसेट, मग सदस्य भरा. इथे साधं मेमसेट पुरतं, कारण बफर पुढे वाचला जाणार आहे.

कर्नलबाहेर काय वापरायचं?

लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीत २.२५ पासून आणि ओपनबीएसडीत ५.५ पासून एक्सप्लिसिट_बीझीरो. विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी. सी२३ मध्ये मेमसेट_एक्सप्लिसिट प्रमाण भाषेतच आलं आहे.

जुन्या मॉड्यूलमध्ये केझेडफ्री आहे, नव्या कर्नलवर बांधलंच जात नाही.

तेच केफ्री_सेन्सिटिव्ह. ५.९ मध्ये नाव बदललं, कारण नाव वाचून लोकांना ते केझेडॅलॉकचं जोडीदार वाटायचं आणि शून्य करून घेतलेली प्रत्येक गोष्ट ते त्यानेच सोडायचे. शोधून नाव बदला. बदलताना प्रत्येक ठिकाणी थांबून आत खरंच गुपित आहे का ते बघा; नसेल तर साधं केफ्री करा.